कंपासपेटीतली जादू: गणपतीत मुलांना दहा मिनिटं काय करायला द्यावं?

मावशी_सुदामानगर | 3 ऑगस्ट, रात्री 9.40

नमस्कार मंडळी. इंदूरच्या आमच्या कॉलनीत गणपतीत एक संध्याकाळ मुलांची असते. कुणी श्लोक म्हणतं, कुणी नाचतं. यंदा माझी नऊ वर्षांची भाची जादूचे प्रयोग करायचे म्हणून हटून बसली आहे. बाजारात मिळणारा जादूचा डबा मला आणायचा नाही. त्यातल्या प्लास्टिकच्या वस्तू बघूनच मुलं म्हणतात, ‘इसमें तो पहले से कुछ है.’ कंपासपेटीत, दप्तरात किंवा घरातल्या टेबलाच्या खणात सापडेल त्याचीच जादू हवी: पेन्सिल, खोडरबर, रबरबँड, क्लिपा, पट्टी, कागद, कात्री.

अडचणी दोन. पहिली म्हणजे मंडपात लोक सतरंजीवर तिन्ही बाजूंनी बसतात आणि मागची रांग पंचवीस फुटांवर असते. दुसरी माझ्या जिवाची आहे. भाचीला मराठी सगळी कळते, पण ती उत्तर हिंदीतच देते. मला तिला दहा मिनिटं सलग मराठीत बोलताना ऐकायचंय, आणि जादू करायची तर बोलावंच लागतं. हातात तीन आठवडे आहेत. काय काय बसवता येईल?

---

पोहेजिलबी | 3 ऑगस्ट, रात्री 9.52

सोप्यात सोपी: पेन्सिल रबरासारखी वाकवणं. पेन्सिल एका टोकापासून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर अंगठा आणि तर्जनीत सैल धरायची आणि हात थोडा थोडा वरखाली हलवायचा. पेन्सिल लुळी पडल्यासारखी दिसते. माझा चार वर्षांचा मुलगा अजून रोज करून दाखवायला लावतो.

---

जुना_गणित_मास्तर | 3 ऑगस्ट, रात्री 10.15

पोहेजिलबी, याला हातचलाखी म्हणता येणार नाही, हा डोळ्याचा खेळ आहे. पेन्सिल फिरतेही आणि वरखालीही होते, दोन्ही एकदम. तिच्या प्रत्येक भागाची पुसट छाया डोळ्यात रेंगाळते आणि त्या छाया मिळून वाकडी रेघ दिसते. जेम्स पोमेरांत्झ या मानसशास्त्रज्ञानं 1983 साली यावर शोधनिबंध लिहिला होता. मात्र पंचवीस फुटांवरून पेन्सिल दिसणार नाही. ताई, तिथे लाकडी फूटपट्टी घ्या.

---

पडद्यामागे | 3 ऑगस्ट, रात्री 11.05

मी हौशी जादूगार आहे, लहान मुलांच्या वाढदिवसांना प्रयोग करतो. मावशी, तुमचा हेतू फार चांगला आहे, म्हणून मोकळेपणानं लिहितो. उघड्या धाग्यावर भेद लिहून काढणं मला बरं वाटत नाही. तुमच्याच मंडपातला कुणी हे वाचून आला, तर त्या मुलीच्या हातात काय उरलं? झाकली मूठ सव्वा लाखाची असते. ज्यांना शिकायचंय त्यांनी कुणाकडून तरी समोरासमोर बसून शिकावं.

आणि एक आग्रहाचं सांगणं: दहा प्रयोग शिकवू नका, तीन शिकवा. रोज आरशासमोर वीस वेळा.

---

खजुरीबाजारवाला | 4 ऑगस्ट, सकाळी 8.20

पडद्यामागे दादा, तुमचं तीन प्रयोगांचं म्हणणं सोळा आणे खरं. पण समोरासमोर शिकवणारा प्रत्येकाला कुठे मिळतो? मी स्टेशनरीच्या दुकानात गल्ल्यावर बसून एका वयस्क गिऱ्हाइकाकडून रबराची जादू शिकलो. त्यांनी हात आखडता घेतला असता तर मला आज काय आलं असतं? म्हणून लिहितोच.

रबरबँड तर्जनी आणि मधल्या बोटाभोवती घालायचं, अगदी बुडाशी. हाताची पाठ लोकांकडे. दुसऱ्या हातानं ते तळहाताच्या बाजूनं एकदा ओढून सोडायचं, ‘बघा, साधंच आहे.’ दुसऱ्यांदा ओढताना मूठ मिटायची, आणि मिटताना चारही बोटांची टोकं त्या ताणलेल्या फटीत घालायची. मग रबर हळूच सोडायचं. आता ते आतून चारही बोटांच्या टोकांवर बसलेलं असतं, पण समोरच्याला दोनच बोटांवर दिसतं. मूठ झटक्यात उघडली की रबर उडी मारून अनामिका आणि करंगळीवर जातं.

हे जमलं की दुसरं रबर घ्यायचं आणि चारही बोटांच्या शेंड्यांना पीळ देत देत गुंडाळायचं, कुंपणासारखं. लोकांना वाटतं, आता रस्ता बंद. पण पहिलं रबर वरून जातच नाही, त्यामुळे कुंपण असलं काय नि नसलं काय. तरी लोक याच वेळी जास्त चकित होतात.

रबर फार घट्ट नको, मुलांची बोटं लाल होतात. पावसाळ्यात जुनी रबरं चिकट होऊन तुटतात, नवीन पुडी फोडा.

---

आजीचा_बटवा | 4 ऑगस्ट, सकाळी 10.30

खजुरीबाजारवाले, तुमचं वाचता वाचता मला बोलणं सुचलं. मावशी, मुलीला हे पाठ करून द्या:

‘हा माझा वाडा. याला चार खोल्या. पहिल्या दोन खोल्यांत या रबराचं बिऱ्हाड. एक दिवस मालक म्हणाला, भाडं वाढवा. रबर म्हणालं, नाही वाढवत! मालकानं फाटकाला कुलूप लावलं.’ (इथे दुसरं रबर.) ‘रात्र झाली. सगळे झोपले.’ (इथे मूठ मिटायची.) ‘झाकली मूठ सव्वा लाखाची! सकाळी मालक बघतो तर काय? कुलूप जागेवर आणि बिऱ्हाड शेजारच्या खोल्यांत!’

मूठ का मिटली ते गोष्टच सांगते, म्हणून कुणाला संशय येत नाही.

---

पडद्यामागे | 4 ऑगस्ट, सकाळी 11.10

आजी, नमस्कार करतो तुम्हाला. मी बारा वर्षं हा प्रयोग करतोय, पण मूठ मिटायला कारण कधीच दिलं नव्हतं. आता मीही बोलतो. माझीच म्हण माझ्याकडे परत आली आणि कामाची होऊन आली. 🙂

---

बडोदेकर | 4 ऑगस्ट, दुपारी 1.45

बडोद्याहून नमस्कार. दांडिया बाजारात आमच्याही मंडळाची मुलांची संध्याकाळ असते. गेल्या वर्षी पुतण्यानं दोन क्लिपांचं लग्न लावलं होतं, तोच प्रयोग देतो.

कागदाची लांब पट्टी घ्या, नोटेच्या प्रमाणातली पण मोठी. वरून पाहिलं तर ‘झेड’ अक्षर दिसेल अशी तीन पदरी दुमडा. एक क्लिप पुढच्या आणि मधल्या पदराला मिळून लावा, दुसरी मधल्या आणि मागच्या पदराला. दोन्ही वरच्या कडेनं, एकमेकींपासून थोड्या दूर. तिन्ही पदर एका क्लिपेत आले की फसलं. मग पट्टीची दोन टोकं धरून सरळ ओढायची, आधी हळू, शेवटी झटका. क्लिपा एकमेकींकडे सरकतात आणि उडतात त्या एकीत एक अडकूनच. हातचलाखी शून्य, सगळं काम घडीचं.

अंतरपाट म्हणून कागदाची पट्टी, वधू आणि वर म्हणून दोन रंगांच्या क्लिपा. पुतण्या ‘शुभमंगल सावधान’ म्हणत ओढायचा आणि बायका खरंच अक्षता टाकायच्या.

---

पोहेजिलबी | 4 ऑगस्ट, दुपारी 1.58

मग पंगतीत पोहे-जिलबी होती की नाही?

---

बडोदेकर | 4 ऑगस्ट, दुपारी 2.10

बडोद्यात शेव-उसळ, भाऊ. पोहे-जिलबीसाठी इंदूरलाच यावं लागेल.

---

खजुरीबाजारवाला | 4 ऑगस्ट, दुपारी 4.30

क्लिपांबद्दल सांगतो. कुणी यू-पिन म्हणतं, कुणी जेम क्लिप. नेहमीची छोटी घेऊ नका. पाच सेंटिमीटरची मोठी येते, ती रंगीत प्लास्टिक चढवलेली मागा. मागच्या रांगेला तीच दिसेल. कागद झेरॉक्सचा नको, ओढताना फाटतो. ड्रॉइंग शीटची पट्टी कापा. पातळ पुठ्ठा तर अजिबात नको, घडीवर अडतो.

---

ग्वाल्हेरचा_नातू | 4 ऑगस्ट, रात्री 9.15

क्लिपांमध्ये अजून एक भर. पट्टीभोवती, मधल्या भागात एक रबरबँड सैल अडकवायचं आणि मग क्लिपा लावायच्या. ओढल्यावर रबर पट्टीवर राहतं आणि त्याला दोन्ही क्लिपा एकीखाली एक लटकतात. उडून हरवत नाहीत हा मोठा फायदा.

पाण्यानं भरलेल्या पिशवीतून पेन्सिल आरपार घालण्याची जादू कुणी लिहिली नाही अजून. प्लास्टिकची पिशवी पाऊणभर भरायची, टोकदार पेन्सिल एका दमात इकडून तिकडे घालायची. एक थेंब गळत नाही. प्लास्टिक पेन्सिलीभोवती ताणून घट्ट बसतं म्हणून. आजोबांनी गच्चीवर मला पाच पेन्सिली घालून दाखवल्या होत्या.

---

पोहेजिलबी | 4 ऑगस्ट, रात्री 9.22

इंदुरात पातळ पिशवी आणणार कुठून? भिया, आमच्याकडे भाजीवाला पिशवी मागितली तर वर मान करूनही बघत नाही. 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर काय उगीच येतो!

---

मावशी_सुदामानगर | 4 ऑगस्ट, रात्री 9.50

खरं आहे. 😀 पण ती चेनवाली जाड पिशवी असते ना, दाणे-मसाल्याची, तिच्यात आत्ता करून पाहिलं. जमलं! गोल पेन्सिल सहा कोनी पेन्सिलीपेक्षा बरी जाते. पण काढताना सगळं पाणी सतरंजीवर येणार, आणि मंडपात विजेच्या वायरी जमिनीवरून गेलेल्या असतात. म्हणून स्टेजवर नको, घरी आंघोळीच्या मोरीत करू. ग्वाल्हेरच्या दादा, भाची मोरीतून बाहेर यायला तयार नव्हती.

---

नववीतला | 5 ऑगस्ट, दुपारी 4.05

मी नववीत आहे. मला खोडरबर गायब करायची जादू येते. खोडरबर तळहातावर ठेवायचं, पेन्सिलीनं तीनदा टकटक करायची. प्रत्येक वेळी पेन्सिल कानापर्यंत वर न्यायची. तिसऱ्या वेळी पेन्सिल कानामागेच ठेवून हात रिकामा आणायचा. सगळे ओरडतात की पेन्सिलच गायब! मग आपण वळून कान दाखवायचा, सगळे हसतात, कानाकडे बघतात, तेवढ्यात खोडरबर खिशात. मग म्हणायचं, चला आता खोडरबर गायब करू. आणि मूठ उघडायची.

शाळेच्या स्नेहसंमेलनात मी केली होती, पण मला स्टेजच्या मधोमध उभं केलं आणि मुलं दोन्ही बाजूंना बसली होती. उजवीकडच्यांना कान सुरुवातीपासूनच दिसत होता. ते आधीच ओरडले. मला फार वाईट वाटलं होतं.

---

पडद्यामागे | 5 ऑगस्ट, संध्याकाळी 6.30

नववीतल्या, तुझी जादू उत्तम आहे, चूक जागेची होती. हा प्रयोग फक्त एका बाजूनं पाहायचा असतो. आपण डावा खांदा लोकांकडे करून उभं राहायचं. घरी चार-पाच लोकांसमोर कर, बघ काय होतं. आणि तू लिहिलंस त्यात फार मोठी गोष्ट आहे: लोक हसतात त्या क्षणी बघत नाहीत. मला हे कळायला कितीतरी वर्षं लागली.

मावशी, तुमच्याकडे लोक तिन्ही बाजूंनी बसतात, तेव्हा हा प्रयोग वगळा. रबरही बाजूला बसलेल्याला आतून दिसू शकतं, तर मुलीला मंडपाच्या मागच्या पडद्याला अगदी चिकटून उभी करा आणि कोपर अंगाशी.

---

जुना_गणित_मास्तर | 5 ऑगस्ट, रात्री 8.40

तिन्ही बाजूंनी पाहिलं तरी चालेल असे दोन प्रयोग माझ्याकडे आहेत. दोन्हींत लपवायचं काही नाही, म्हणून पकडलं जायची भीतीही नाही.

पहिला कागदी पट्ट्यांचा. वर्तमानपत्राच्या तीन लांब पट्ट्या कापा, दीड मीटर लांब आणि दहा सेंटिमीटर रुंद, लागेल तिथे डिंकानं सांधा. पहिलीची टोकं सरळ जोडून कडं करा. दुसरीला जोडताना अर्धा पीळ द्या. तिसरीला पूर्ण पीळ. लांब कड्यात पीळ दिसून येत नाही. आता तिन्ही कडी मधोमध लांबीनं कापत जायचं. पहिल्याची दोन सुटी कडी होतात. दुसऱ्याचं एकच, दुप्पट मोठं कडं होतं. तिसऱ्याची दोन होतात, पण एकमेकांत अडकलेली. अर्ध्या पिळाच्या पट्टीला मोबियसची पट्टी म्हणतात. मोबियस आणि लिस्टिंग या दोघा जर्मन गणितज्ञांना ती 1858 मध्ये वेगवेगळी सापडली. तिला बाजू एकच असते. पूर्वी कारखान्यांत यंत्राचा पट्टा दोन्हीकडून सारखा झिजावा म्हणून असाच पीळ देऊन जोडत.

दुसरा मला सर्वांत प्रिय. आठ बाय आठ चौकटींचा चौरस काढा. आधी तो आडवा कापा, पाच ओळींचा एक तुकडा आणि तीन ओळींचा एक. तीन ओळींचा तुकडा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपा कापला की दोन त्रिकोण होतात. पाच ओळींच्या तुकड्यात वरच्या कडेवर डावीकडून तीन आणि खालच्या कडेवर पाच चौकटी मोजून तिरपी रेघ कापा, की दोन सारखे तुकडे मिळतात. हे चार तुकडे पुन्हा मांडले की पाच बाय तेरा चौकटींचा आयत होतो. चौसष्ट चौकटींच्या पासष्ट झाल्या! एक चौकट आली कुठून?

---

नववीतला | 5 ऑगस्ट, रात्री 9.02

सर मी आत्ता आलेखाच्या कागदावर कापून बघितलं. खरंच पासष्ट होतात!! कुठून आली??

---

जुना_गणित_मास्तर | 5 ऑगस्ट, रात्री 9.20

बाळा, उद्या सांगतो. आज रात्री आयताच्या तिरप्या रेघेकडे नीट बघत बस. पट्टी लावून बघ.

---

हळदीकुंकू | 6 ऑगस्ट, सकाळी 11.15

माझ्याकडे कागदावर अदृश्य अक्षरं उमटवायचा घरगुती प्रयोग आहे. हळद पाण्यात कालवून ड्रॉइंगच्या जाड कागदाला सारखी फासायची आणि वाळवायची. पिवळा कागद तयार. खायचा सोडा नव्हे, धुण्याचा सोडा पाण्यात घालून त्या पाण्यात ब्रश बुडवून लिहायचं. अक्षर लालबुंद उमटतं, बघता बघता. वरून लिंबाचा रस फिरवला की परत पिवळं. हळदीला चुना लावून कुंकू करतात, त्यातलंच हे. धुण्याचा सोडा मोठ्यांनीच हाताळावा आणि हात धुवावेत.

मुलीनं मोठ्या हळदीच्या कागदावर ‘श्री’ काढला तर मागच्या रांगेपर्यंत दिसेल. आमच्या सासूबाईंनी पाहिलं तेव्हा हात जोडले हो.

---

पडद्यामागे | 6 ऑगस्ट, दुपारी 12.40

हळदीकुंकू ताई, प्रयोग सुंदर, पण गणपतीसमोर ‘श्री’ उमटवू नका, अशी कळकळीची विनंती. तुमच्या सासूबाईंनी हात जोडले, तसेच मंडपातही कुणी जोडतील आणि चमत्कार झाला म्हणतील. लिंबू कापून लाल पाणी काढायचं आणि करणी झाली म्हणून घाबरवायचं, हे भोंदू लोक अशाच रसायनांच्या जोरावर करतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. तिचे कार्यकर्ते गावोगाव हेच प्रयोग करून दाखवतात आणि लगेच कसं केलं तेही सांगतात. जादूगारानं भेद झाकावा असं मी म्हणतो, पण ही जादू आहे एवढं तरी त्यानं झाकू नये.

---

हळदीकुंकू | 6 ऑगस्ट, दुपारी 1.20

तुमचं पटलं. माझ्या मनात तसं काही नव्हतं, पण बघणाऱ्याच्या मनात काय येईल हे आपल्या हातात नाही. मग असं करू: ‘श्री’ऐवजी मुलीचं नाव लिहायचं आणि शेवटी हळदीची वाटी दाखवून सांगायचं, ‘आजीच्या मिसळणाच्या डब्यातली जादू.’

---

जुना_गणित_मास्तर | 6 ऑगस्ट, रात्री 8.10

नववीतल्याला आणि सगळ्यांना उत्तर. त्रिकोणाची तिरपी बाजू आठ चौकटींत तीन चढते, म्हणजे 0.375. दुसऱ्या तुकड्याची पाचात दोन चढते, म्हणजे 0.4. हे दोन चढ सारखे नाहीत, म्हणून आयताचा कर्ण सरळ रेघ नसतोच. मधे बारीक, लांबट फट राहते आणि तिचं क्षेत्रफळ बरोबर एक चौकट. कागदाच्या कडा आणि आपला विश्वास यांत ती लपते. 5, 8, 13 हे फिबोनाची क्रमातले आकडे आहेत, त्यातले एक सोडून पुढचे (13, 21, 34) घेतले की फट आणखी बारीक होते.

पडद्यामागे, बघा, भेद सांगितल्यावर हा प्रयोग मेला का? मला तर आता जास्त आवडतो.

---

नववीतला | 6 ऑगस्ट, रात्री 8.25

सर मला फट दिसली! पट्टी लावली तेव्हाच दिसली होती पण मला वाटलं माझी कात्री वाकडी गेली.

---

पडद्यामागे | 6 ऑगस्ट, रात्री 9.00

मास्तर, हा मेला नाही, मान्य. गणिताचा भेद सांगितला की वाढतो. रबराचा सांगितला की ‘हात्तिच्या’ होतं. माझं म्हणणं रबरापुरतं ठेवतो.

---

आजीचा_बटवा | 7 ऑगस्ट, सकाळी 9.40

मेणाच्या खडूंची एक सांगते, ही मुलांना सगळ्यांत लवकर येते. पाठ करून उभं राहायचं, हात मागे. कुणीतरी पेटीतला एक खडू हातात द्यायचा आणि पेटी झाकायची. लोकांकडे वळायचं, खडू पाठीमागेच. आता मागच्या मागे अंगठ्याच्या नखानं खडू जरासा खरवडायचा. मग तो हात विचार करत असल्यासारखा कपाळाला लावायचा आणि जाता जाता नखात बघायचं. निळा असेल तर निळा कण असतोच. नखं मात्र अगदी कापलेली नकोत.

काळा आणि गडद जांभळा यांत गफलत होते, ते दोन आधीच पेटीतून काढून ठेवावेत.

---

मावशी_सुदामानगर | 8 ऑगस्ट, रात्री 10.00

किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी! सध्या असं ठरवलंय: आधी रबराचं बिऱ्हाड, मग क्लिपांचं लग्न, शेवटी मास्तरांच्या पट्ट्या. खडू राखून ठेवतोय, काही बिघडलंच तर. मास्तर, चौसष्ट-पासष्ट तिला समजलं पण सांगता येत नाही, तो पुढच्या वर्षी.

फूटपट्टी केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायची गंमतही करून पाहिली, लहानपणी आम्ही फार करायचो. आता एकही कपटा हलला नाही. काय चुकलं?

---

जुना_गणित_मास्तर | 8 ऑगस्ट, रात्री 10.25

चुकलं काही नाही, श्रावण आहे. हवेत दमटपणा असला की पट्टीवर भार टिकत नाही, निघून जातो. डिसेंबरात कोरड्या थंडीत करा, कपटे उड्या मारतील. त्याच कारणानं वर्तमानपत्राच्या पट्ट्या आदल्या रात्री तयार करून प्लास्टिकमध्ये ठेवा. सादळलेला कागद कात्रीत दुमडतो.

---

ग्वाल्हेरचा_नातू | 19 ऑगस्ट, रात्री 9.30

मावशी, सराव कुठवर आला?

---

मावशी_सुदामानगर | 20 ऑगस्ट, सकाळी 7.50

रबर पक्कं झालं. बोलणं अडतंय. ‘बिऱ्हाड’ हा शब्द तिनं कधी ऐकलाच नव्हता. पहिले चार दिवस ‘बिराड’, मग ‘बिर्याड’. काल माझ्या आईनं तिला रामबागेतल्या त्यांच्या जुन्या वाड्याची गोष्ट सांगितली, एका चौकात सात बिऱ्हाडं, एक नळ. आज सकाळी दात घासताना विचारते, ‘आजी, नळावर भांडण व्हायचं का?’ मराठीत विचारलं!

---

आजीचा_बटवा | 20 ऑगस्ट, सकाळी 8.15

व्हायचं की. रोज. सांगा तिला.

---

मावशी_सुदामानगर | 1 सप्टेंबर, रात्री 11.35

झाला हो प्रयोग आज! अजून झोप येत नाहीये.

सहा वाजता धो धो पाऊस. मंडपाच्या ताडपत्रीवर इतका आवाज की माईकवरचंही ऐकू येईना. पडद्यामागे दादांनी सांगितल्याप्रमाणे ती मागच्या पडद्याला चिकटून उभी राहिली. पहिलं वाक्य कुणालाच ऐकू गेलं नाही. माझ्या पोटात गोळा. मग तिनं माईक बाजूला ठेवला आणि तारस्वरात सुरू केलं, ‘हा माझा वाडा!’ समोरची पोरं सरकत सरकत पुढे आली. ‘बिऱ्हाड’ आल्यावर एका छोट्यानं मधेच विचारलं, ‘बिऱ्हाड म्हणजे काय?’ ती थांबली. हे पाठांतरात नव्हतं. म्हणाली, ‘म्हणजे घर, पण दुसऱ्याच्या घरात आपलं घर. भाडं द्यायचं असतं.’ आणि गोष्ट पुढे चालू. मूठ उघडली तेव्हा पोरं उठून उभी राहिली. तीनदा करायला लावलं. जादू पुन्हा करायची नसते हे आम्ही शिकवलं होतं, पण तिथे कोण ऐकतं.

क्लिपांना रबर लावायचं घाईत राहून गेलं. ओढल्यावर दोघी उडाल्या त्या थेट बाप्पापुढच्या दुर्वांच्या ताटात. गुरुजींनी शोधून काढल्या, अडकलेल्याच होत्या, वर धरून सगळ्यांना दाखवल्या. टाळ्या त्यांना जास्त पडल्या.

पट्ट्यांच्या वेळी तिसरं कडं कापताना मधे फाटलं. जपून ठेवूनही कागद ओलसर झाला होता. तिचा चेहरा पडला. मी खडूंची पेटी पुढे केली, तिनं मान हलवली आणि दुसरं मोठं कडं गळ्यात घालून मिरवत खाली उतरली. बस, एवढंच. दहाची पंधरा मिनिटं झाली आणि त्यात हिंदी एक शब्द नाही.

---

जुना_गणित_मास्तर | 2 सप्टेंबर, सकाळी 6.40

पुढच्या वेळी तिसरं कडं कापडी फितीचं करा, पावसात फाटणार नाही. तिला माझा आशीर्वाद सांगा.

---

पडद्यामागे | 2 सप्टेंबर, सकाळी 9.05

फाटल्यावर ती रडली नाही आणि जे हातात होतं ते गळ्यात घातलं. मावशी, तिला एकदा मला भेटवा. क्लिपांची पुढची पायरी मी इथे लिहिणार नाही, पण तिला समोर बसवून नक्की शिकवीन.

---

खजुरीबाजारवाला | 3 सप्टेंबर, रात्री 8.15

ताई, आज दुकानात दोन मुलं आली. म्हणाली, ‘काका, बिऱ्हाडवालं रबर द्या.’ मी चार मापांची समोर ठेवली तर एकही पसंत पडेना. तुम्ही नेमकं कुठलं वापरलंत?

---

मावशी_सुदामानगर | 3 सप्टेंबर, रात्री 8.40

नोटांच्या गड्डीला लावतात ना, ते जरा रुंद, लाल रंगाचं. कुलपासाठी हिरवं. पिवळं नको, मुलांच्या बोटांवर लांबून दिसत नाही.